तांबड्या पेशीचे आवरण
(रक्तदाता मेळाव्यात रुग्णालयाच्या रक्तपेढीच्या वतीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



रक्तपेढीच्या खिडकीवर आम्हांला एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. "लोक रक्त फुकट देतात, मग तुम्ही पैसे कसले घेता?" विचारणारा बहुधा रात्रभर जागलेला असतो, त्याचे माणूस आत शस्त्रक्रियागृहात असते, आणि त्याच्या आवाजात राग असला तरी तो आम्ही मनावर घेत नाही. पण खिडकीवर उभ्याउभ्या दोन मिनिटांत देता येईल असे उत्तर आमच्यापाशी नाही. आज व्यासपीठ मिळाले आहे, तेव्हा ते उत्तर सविस्तर द्यावे असे आम्ही ठरवले. हे उत्तर रक्तातील तांबड्या पेशीच्या आवरणात दडलेले आहे. शास्त्रीय भाषेत त्याला पेशीपटल म्हणतात. त्याची जाडी सात-आठ नॅनोमीटर. म्हणजे अशी सव्वा लाख पटले एकावर एक रचली तर जेमतेम एक मिलिमीटर उंची भरेल.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीला असे पटल असते. पण बहुतेक पेशींच्या आत केंद्रक असते, इतर घटक असतात, आणि त्या घटकांचीही आपापली पटले असतात. माणसाची परिपक्व तांबडी पेशी मात्र या बाबतीत फकिरासारखी. तिला केंद्रक नाही, आत दुसरे कसलेही कप्पे नाहीत. हिमोग्लोबिनने भरलेली एक पिशवी, बस्स. त्यामुळे तांबड्या पेशी फोडून धुतल्या की हाती जे उरते ते निव्वळ बाहेरचे पटल असते. जगभरच्या शास्त्रज्ञांनी पेशीपटलाचा अभ्यास तांबड्या पेशीपासून सुरू केला तो याच सोयीमुळे.

ही पेशी सात-आठ मायक्रॉन व्यासाची, बशीसारखी, मध्ये दबलेली. एकीचे पटल म्हणजे नगण्य क्षेत्रफळ. पण आपण रक्तदानात दिलेल्या ३५० मिलिलिटरच्या पिशवीत अशा दीड लाख कोटींहून अधिक पेशी असतात. त्या सर्वांची पटले उलगडून जमिनीवर अंथरली, तर ढोबळ हिशेबाने अडीच हजार चौरस फूट जागा व्यापतील. पुण्या-मुंबईत घर शोधलेल्या श्रोत्यांना या आकड्याचे मोल वेगळे सांगायला नको.

हा हिशेब आम्ही करमणुकीसाठी मांडलेला नाही. पेशीपटलाची रचना पहिल्यांदा कळली ती अशाच हिशेबातून. हॉलंडमधील लायडन येथे एव्हर्ट गॉर्टर नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी ग्रेंडेल यांनी १९२५ साली तांबड्या पेशींतील मेदपदार्थ अ‍ॅसिटोनने काढून घेतला आणि पाण्यावर पसरू दिला. पाण्यावर तेलाचा थेंब टाकला की तो पसरत पसरत अखेर एकाच रेणूच्या जाडीचा थर होतो. तो मोजण्याचे साधन पुढे प्रयोगशाळांत आले. पण त्याचे मूळ रूप अ‍ॅग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईंनी आपल्या स्वयंपाकघरात तयार केले होते. विद्यापीठाची दारे तेव्हा त्यांना बंद होती. लॉर्ड रॅले यांना त्यांनी लिहिलेले पत्र १८९१ मध्ये 'नेचर'मध्ये छापले गेले, ही गोष्ट आमच्या प्रयोगशाळेतील मुलींना आम्ही आवर्जून सांगतो.

गॉर्टर आणि ग्रेंडेल यांना असे दिसले की पाण्यावर पसरलेल्या मेदाचे क्षेत्रफळ पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या दुप्पट भरते. निष्कर्ष एकच होता : पटलात मेदाचे दोन थर आहेत. गंमत अशी की त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या. अ‍ॅसिटोनने सगळा मेद निघाला नव्हता आणि पेशीचा पृष्ठभागही त्यांनी कमी धरला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींची वजाबाकी केली आणि उत्तर बरोबर आले. रक्तपेढीत काम करणाऱ्याने असल्या नशिबावर विसंबून चालत नाही.

हे दोन थर कशाचे? मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंचे. या रेणूचे डोके पाण्याला जवळ करते आणि त्याच्या दोन शेपट्या पाण्यापासून दूर पळतात. पेशीच्या आतही पाणी, बाहेरही पाणी. मग शेपट्यांनी जावे कुठे? म्हणून दोन्ही थरांतील रेणू शेपट्या आतल्या बाजूस एकमेकींकडे वळवून आणि डोकी बाहेर काढून उभे राहतात. त्यांना कोणी शिवलेले नाही, चिकटवलेले नाही. पाण्यानेच त्यांना असे उभे केले आहे. त्यांच्या मधूनमधून कोलेस्टेरॉल बसलेले असते. या नावाची आपण सर्वांनी इतकी धास्ती घेतली आहे की ते प्रत्येक पेशीच्या पटलाचे आवश्यक अंग आहे, हे सांगितले की लोकांना आश्चर्य वाटते. तांबड्या पेशीच्या पटलात कोलेस्टेरॉलच्या रेणूंची संख्या फॉस्फोलिपिडच्या रेणूंच्या जवळजवळ बरोबरीची असते. ते पटलाला फार पातळ होऊ देत नाही आणि फार ताठही होऊ देत नाही.

मात्र वजनाने पाहिले तर तांबड्या पेशीच्या पटलात मेदापेक्षा प्रथिनेच जास्त, निम्म्याहून थोडी अधिक. काही प्रथिने पटलाच्या आरपार गेलेली असतात, काही आतल्या बाजूस टेकलेली. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी या रचनेचे जे चित्र मांडले ते फेरफारांसह आजही शिकवले जाते : मेदाचा प्रवाही थर आणि त्यात तरंगणारी प्रथिने. पटल खरोखरच प्रवाही असते. त्याआधी दोन वर्षे फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची व माणसाची पेशी एकत्र जोडली होती. सुरुवातीस दोघींची प्रथिने आपापल्या अर्ध्या भागात होती, पण सुमारे चाळीस मिनिटांत ती एकमेकांत मिसळून गेली.

तांबड्या पेशीला याखेरीज आणखी एक आधार असतो. पटलाच्या आतून स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी ताणलेली असते. पेशी आपल्यापेक्षा अरुंद केशवाहिन्यांतून वाकून, दुमडून जाते आणि बाहेर पडताच पुन्हा बशीसारखी होते, ती या जाळीच्या बळावर. जाळीतील किंवा ती पटलाला बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांतील दोष जन्मतः असेल तर पेशी चेंडूसारखी गोल होते, प्लीहेच्या बारीक फटींत अडकते आणि लवकर मरते. वारंवार कावीळ आणि रक्तक्षय घेऊन येणाऱ्या मुलांपैकी काहींच्या आजाराचे मूळ इतक्या खोलवर असते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तिची भरती करण्यासाठी आपली अस्थिमज्जा दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी तयार करते, आणि याच कारखान्याच्या भरवशावर आपण दर तीन-चार महिन्यांनी निर्धास्तपणे रक्तदान करू शकता.

आता पाण्याविषयी. पटल मेदाचे असूनही तांबड्या पेशीत पाणी इतक्या झपाट्याने कसे शिरते, हे कोडे बरीच वर्षे सुटले नव्हते. अमेरिकेत पीटर अ‍ॅग्रे हे आर-एच रक्तगटाच्या प्रथिनाचा शोध घेत होते. त्या कामात एक भलतेच प्रथिन वारंवार आड येऊ लागले. त्यांनी ते टाकून दिले नाही. बेडकाच्या अंड्यांना ते प्रथिन तयार करायला लावून ती अंडी त्यांनी सौम्य पाण्यात ठेवली, तेव्हा ती फुगून फुटली आणि शेजारची साधी अंडी जशीच्या तशी राहिली. पाण्याचे दार सापडले होते. १९९२ साली हे प्रसिद्ध झाले आणि २००३ साली अ‍ॅग्रे यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

एवढे ऐकल्यावर आमच्या काही 'कटकटी' नियमांमागचे कारण आपल्या ध्यानी येईल. तांबडी पेशी ही पुरती न भरलेली पिशवी आहे. तिला आकार हवा तसा बदलता येतो, पण पटल स्वतः ताणले जात नाही. क्षेत्रफळ तीन-चार टक्क्यांहून अधिक वाढले की ते फाटते. म्हणून रक्त चालू असताना त्याच नळीतून ग्लुकोजची बाटली लावण्यास आम्ही सक्त मनाई करतो. पेशीच्या पटलात साखरेसाठीही दार असते. साखर आत जाते, मागोमाग पाणी जाते, पेशी फुगते आणि फुटते. रक्तासोबत चालते ते केवळ ०.९ टक्के मिठाचे पाणी.

दुसरी गोष्ट बर्फाची. एका रुग्णाचे वडील दुसऱ्या गावाहून रक्ताची पिशवी आणायला गेले होते. मुलासाठी आणलेले रक्त उन्हाने खराब होऊ नये म्हणून त्यांनी ती पिशवी बर्फाच्या लादीत गच्च दाबून, वर गोणपाट गुंडाळून आणली. चार तासांचा प्रवास त्यांनी ती मांडीवर घेऊन केला होता. आम्ही पिशवी उघडून पाहिली तेव्हा वरचा रक्तद्रव, जो पिवळसर असायला हवा, तो लालभडक झाला होता. बर्फाला चिकटलेल्या बाजूस रक्त गोठले होते, स्फटिकांनी पटले फाडली होती. ती पिशवी आम्हांला वापरता आली नाही. त्या गृहस्थांना हे कसे सांगितले ते आम्हांलाच ठाऊक. त्या दिवसापासून रक्त नेणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला आम्ही थंड पेटी देतो आणि पिशवीला बर्फ थेट लागू देऊ नका, हे त्याच्याकडून वदवून घेतो. पिशवी गरम पाण्यात बुडवून 'कोमट' करणेही तितकेच घातक आहे.

रक्त साठवायचे ते २ ते ६ अंश सेल्सिअसला. पण या थंडीचीही किंमत मोजावी लागते. पटलात एक पंप असतो. तो दर फेरीला सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. येन्स स्कू या डॅनिश शास्त्रज्ञांनी त्याचा शोध १९५७ मध्ये लावला. थंडीत हा पंप जवळजवळ थांबतो आणि पोटॅशियम दिवसेंदिवस बाहेर झिरपत राहते. मोठ्या माणसाला त्याचा सहसा त्रास होत नाही. नवजात बालकाचे सारे रक्त बदलावे लागते तेव्हा मात्र आम्ही ताज्याच पिशवीचा आग्रह धरतो, आणि एखाद्या दात्याला सणासुदीच्या दिवशी फोन करून बोलावतो. ज्यांना असे फोन गेले, त्यांनी आम्हांला क्षमा करावी.

आता पटलाच्या सर्वांत बाहेरच्या गोष्टीकडे येऊ. मेद झाले, प्रथिने झाली, उरल्या शर्करा. वजनाने त्या आठ टक्क्यांच्या आसपास, पण आमचे निम्मे काम त्यांच्याभोवती फिरते. या शर्करांच्या लहान लहान साखळ्या मेदांवर व प्रथिनांवर रोवलेल्या असतात आणि पटलाबाहेर रोपांसारख्या डोकावतात. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये व्हिएन्ना येथे रक्तगट शोधले तेव्हा त्यांना रसायन ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहे. साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची शर्करा जोडली की 'एच' तयार होतो. हा पाया. त्यावर एका प्रकारची शर्करा बसली की 'ए' गट, दुसऱ्या प्रकारची बसली की 'बी', दोन्ही बसल्या की 'एबी', आणि पाया तसाच उघडा राहिला की 'ओ'. ज्याच्या पेशींवर जी शर्करा नाही, तिच्याविरुद्ध त्याच्या रक्तद्रवात प्रतिपिंडे असतात. चुकीच्या गटाचे रक्त चढले तर ती प्रतिपिंडे परक्या पेशींच्या पटलाला भोके पाडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन माणूस दगावू शकतो.

'ए'चा उपप्रकार ओळखण्यासाठी रक्तपेढ्यांत जे द्रावण वापरतात ते कशापासून मिळते, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. कुळथापासून. आपल्या कोकणात ज्याचे पिठले करतात तोच कुळीथ. त्याच्या दाण्यातील एक प्रथिन 'ए-१' गटाच्या पेशींना नेमके पकडते, हे जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये 'करंट सायन्स' या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. 'एच' ओळखण्यासाठी युरोपातील एका काटेरी, पिवळ्या फुलांच्या झुडपाचे बी लागते.

आणि 'एच'चा विषय निघाला की मुंबईचे नाव घ्यावेच लागते. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये मुंबईतील तीन व्यक्तींविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या पेशींवर 'ए' नव्हता, 'बी' नव्हता आणि 'एच'सुद्धा नव्हता. रोपाचा पायाच नाही. म्हणून त्यांच्या रक्तद्रवात 'ओ' गटाच्या रक्ताविरुद्धही प्रतिपिंडे होती. सर्वांना चालणारे म्हणून ज्याची ख्याती, ते 'ओ' गटाचे रक्त या माणसांना विषासमान. या गटाला जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. युरोपीय लोकांत तो दहा लाखांत एक इतका विरळा. हा आजार नव्हे. अशा व्यक्ती ठणठणीत असतात आणि बहुतेकांना आपला गट ठाऊकही नसतो, कारण नेहमीच्या पेशी-चाचणीत तो 'ओ' म्हणूनच दिसतो.

काही वर्षांपूर्वी तालुक्याहून एक बाई बाळंतपणासाठी आमच्याकडे आणल्या गेल्या. प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबेना. पिशवीत कार्ड होते, कुठल्याशा शिबिरात मिळालेले : 'ओ पॉझिटिव्ह'. 'ओ'च्या पिशव्या आमच्या शीतपेटीत भरपूर होत्या. पहिल्या पिशवीशी जुळवणी केली, गुठळ्या झाल्या. दुसरी, तिसरी, चौथी, तेच. रात्रपाळीच्या तंत्रज्ञाला वाटले, मिठाचे पाणीच बिघडले असावे. त्याने नवी बाटली उघडली. पुन्हा तेच. मग रुग्णाचा रक्तद्रव ए, बी आणि ओ या तिन्ही पेशींशी पडताळला, आणि तिन्ही नळ्यांत गुठळ्या आल्या. त्या झुडपाच्या बियांचे द्रावण घातले तर रुग्णाच्या पेशी ढिम्म हलल्या नाहीत. कार्ड चुकीचे होते. शिबिरात केवळ पेशींची चाचणी झाली असावी, उलट चाचणी नव्हे. घाईत आम्हीही तेवढ्यावर भागवले असते आणि जुळवणी न करता पिशवी दिली असती, तर त्या रात्री काय झाले असते हे सांगण्याची गरज नाही.

असे रक्त प्रथम शोधायचे ते सख्ख्या भावंडांत. आई-वडील दोघेही तो गुण वाहणारे असतील तर प्रत्येक अपत्यात चारांत एक शक्यता असते. दोन बहिणी जुळल्या नाहीत. धाकटा भाऊ पहाटेच्या एसटीने आला आणि जुळला. त्याचे रक्त घेऊन, एचआयव्ही, दोन्ही प्रकारच्या काविळी, सिफिलिस आणि मलेरिया या बंधनकारक तपासण्या होईपर्यंत डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी त्या माउलीला सलाइनवर आणि शर्थीच्या उपचारांवर तोलून धरले. एकच पिशवी मिळाली आणि ती पुरली.

पण प्रकरण तिथे संपले नाही. तिसऱ्या दिवशी बाळाचा गट आला : 'बी'. बाळाचे वडील 'ओ'. आई कार्डावर 'ओ'. 'ओ' आणि 'ओ' यांच्या पोटी 'बी' कसे, हे शाळेत शिकलेल्या एका नातेवाइकाने व्हरांड्यात मोठ्याने विचारले. त्या बाईंच्या सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, पण दुपारचा डबा त्या दिवशी आला नाही. आम्ही सर्वांना बसवून, कागदावर चित्रे काढून समजावले. आईकडे 'बी'चा गुण होता, पण तो बसवायला तिच्या पेशींवर पायाच नव्हता, म्हणून तो आयुष्यभर दिसला नाही. बाळाला पाया मिळाला वडिलांकडून आणि त्यावर आईचा 'बी' उमटला. असे मूल याच बाईंना याच नवऱ्यापासून होऊ शकते. सासूबाईंनी तो कागद मागून घेतला, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि संध्याकाळी डबा आला.

तेव्हा खिडकीवरच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. रक्ताचे पैसे आम्ही घेत नाही. दात्याने ते विनामूल्यच दिलेले असते. शुल्क आहे ते पिशवीचे, शीतपेटीच्या विजेचे, पाच बंधनकारक तपासण्यांचे, दोन्ही बाजूंनी केलेल्या रक्तगट चाचणीचे आणि प्रत्येक पिशवीच्या जुळवणीचे. ज्यांना तेही परवडत नाही त्यांचा भार देणगीदारांच्या निधीतून उचलला जातो. 'एच' ओळखणारे द्रावण वर्षभरात क्वचितच लागते आणि बहुतेक वेळा मुदत संपून टाकून द्यावे लागते. हिशेब तपासनीस दरवर्षी त्या ओळीवर बोट ठेवतात. विश्वस्त मंडळाने ती ओळ आजवर खोडलेली नाही, याबद्दल आम्ही ऋणी आहोत.

त्या बाईंचे जुने कार्ड आम्ही काढून घेतले आणि ठळक अक्षरांत नवे दिले. त्यांचा भाऊ आता आमच्या दुर्मिळ गटाच्या नोंदवहीत आहे. शिबिर लागले की तो दरवर्षी येतो आणि रांगेत उभा राहतो. आम्ही त्याला दरवर्षी परत पाठवतो, कारण त्याचे रक्त पिशवीत ३५ दिवसांत शिळे होईल आणि त्याच्या अंगात ते हवे तेव्हा ताजे मिळेल. फोन मात्र सुरू ठेव, एवढेच आम्ही सांगतो. त्याला हे फारसे पटत नाही. निघताना तो दात्यांचा चहा आणि बिस्किटे हक्काने मागून घेतो, आणि आम्ही देतो.